उदास बर्फ

राग्ना शोहोल्मला सैल शब्दांची चीड होती. उभा जन्म तिने शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाली तरी लाल पेन हातातून सुटलं नाही. ते आता मोबाइलमध्ये आलं होतं, एवढंच.

हारसेन तळ्यावर स्केटिंग करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता आणि राग्ना त्याची ॲडमिन. नाव तळं, पण धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही, एवढं मोठं. स्वीडनच्या त्या भागात पाणी गोठलं की माणसं घरात बसत नाहीत. पाठीवर कोरड्या कपड्यांची पिशवी, गळ्यात, पाण्यात पडलं तर बर्फात रुतवून वर यायला, दोन खिळे आणि हातात बर्फ ठोकून पाहायची लोखंडी टोकाची काठी, असा जामानिमा करून ती लांब पात्यांच्या स्केटवर दिवसभर भटकतात. निघण्याआधी ग्रुपवर नजर टाकतात. काल कोण कुठे गेलं होतं, बर्फ कसा होता, हे तिथे लिहिलेलं असतं.

कसं लिहायचं, ते राग्नाने ठरवून दिलं होतं. खालचं काळं पाणी आरपार दिसतं तो काचबर्फ. हिम भिजून गोठलेला तो दुधी बर्फ. उन्हाने उभा चिरफाळलेला तो सुयांचा बर्फ. वरवर दिसणारी रेघ म्हणजे तडा, जिच्यात पातं अडकेल ती भेग आणि जिच्यातून पाणी दिसतं ती फट. 'मस्त', 'ठीकठाक', 'काही हरकत नाही' हे शब्द चालणार नाहीत. कोणी लिहिलेच तर खाली राग्नाची कॉमेंट पडायची, "मस्त रस्सा असतो. बर्फ कसा होता?"

तिचं चुकत होतं असं नाही. एका हिवाळ्यात कोणीतरी 'काही हरकत नाही' असं लिहून मोकळा झाला होता, आणि त्याच्यावर विसंबून गेलेला एक बाप आणि त्याची मुलगी कमरेपर्यंत पाण्यात गेली होती. नशीब, तिथे उथळ होतं. तेव्हापासून लोक राग्नाचं ऐकत. तिला मागून 'शब्दकोश' म्हणत, पण ऐकत. तिची जीभ तिखट होती आणि लोकांना ती आवडायची. कोणता मासा गळाला लागतोय ते पाहायला काही जण नुसते ग्रुपवर येत.

त्या वर्षी गावात टोर्केल ब्रोद नावाचा एक दातांचा डॉक्टर राहायला आला. बायको गेल्यावर त्याने दक्षिणेतल्या स्कोने प्रांतातला दवाखाना विकला आणि इथे तळ्याकाठी एक लहानसं लाकडी घर घेतलं. स्कोनेत तळी धड गोठतही नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर तो स्केटिंग शिकला, पडला, धडपडला आणि त्यात रमला. एकटाच जायचा. मग त्याने धीर करून ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं:

"आज बर्चच्या झाडांचं टोक तळ्यात घुसलंय, त्याच्या पलीकडे गेलो होतो. तिथे बर्फ उदास वाटला. वरून पांढराशुभ्र, पण दाढ आतून किडावी तसा. काठी मारली तर आवाज पोकळ. मला काही बरं वाटलं नाही, मी परत फिरलो."

राग्ना सकाळचा पाव खात होती. तिने वाचलं आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. असं सावज रोज मिळत नाही. तिने लिहिलं:

"टोर्केल, तुझा बर्फ उदास आहे म्हणतोस, तर त्याला आधी मानसोपचारवाल्याकडे ने. किडला असेल तर तूच भरून टाक, तुझाच धंदा आहे. इथे बर्फ दुधी असतो, काचेचा असतो नाही तर सुयांचा असतो. उदास, आनंदी, प्रेमभंग झालेला असा बर्फ कवितेच्या ग्रुपवर."

हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. दुपारी सिक्स्टेनने, म्हणजे आगीच्या बंबावर काम केलेल्या एका थोराड, मोठ्या आवाजाच्या गड्याने, बर्फात काठीने रडका चेहरा काढून त्याचा फोटो टाकला: 'सापडला, उदास बर्फ!' त्यालाही लोक हसले. पुढे बरेच दिवस जो तो हेच म्हणत होता. दुकानाच्या रांगेतसुद्धा कोणीतरी विचारायचं, "काय, आज बर्फाची तब्येत कशी आहे?"

टोर्केलनेही त्या कॉमेंटखाली एक हसरा चेहरा टाकला. मग त्याने आपली पोस्ट काढून टाकली. त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

*

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका गुरुवारी राग्ना, सिक्स्टेन, यिल्वा आणि मायकेन असे चौघे नेहमीप्रमाणे निघाले. यिल्वा गावातल्या दवाखान्यात नर्स होती, चौघांत सर्वांत लहान. आणि मायकेन म्हणजे राग्नाची शाळेपासूनची मैत्रीण. राग्ना जितकी काटेकोर तितकी मायकेन बेफिकीर. पुढे जायची, गाणं म्हणायची, काठी मारायची ती ऊब यावी म्हणून.

आदल्या दिवशी राग्नाने स्वतः लिहिलं होतं: 'धक्क्यापासून बर्चच्या टोकापर्यंत काचबर्फ, हाताच्या पंज्याएवढा जाड. दोन तडे, एकही भेग नाही.' त्यातला शब्दन् शब्द खरा होता. टोकापलीकडचं तिने काही लिहिलं नव्हतं, कारण पलीकडे ती गेली नव्हती.

टोकापाशी पोचल्यावर मायकेन थांबली नाही.

"अगं, हळू!" राग्ना ओरडली.

"तू ये गं मागून, टीचर!" मायकेनने मागे वळून हात हलवला आणि ती टोकाला वळसा घालून गेली.

बर्फाचा आवाज बदलला, तो तिघांनीही ऐकला. खाली घुमणारा सूर एकदम वर चढला. मग काही नाही. मग मायकेनची किंकाळी.

तिघे वळून पोचले तेव्हा पांढऱ्या हिमात एक काळा खड्डा होता आणि त्यात मायकेनची लाल टोपी. पाठीवरच्या पिशवीने तिला तरंगत ठेवलं होतं, पण पडताना खांदा बर्फाच्या कडेवर आपटला होता. एका हाताने ती कड धरायची आणि कड तुटायची. पुन्हा धरायची, पुन्हा तुटायची.

"खिळे! मायकेन, खिळे घे!" यिल्वा ओरडत होती आणि त्याच वेळी फोनवर मदतीला बोलावत होती.

"हात... हात उचलत नाही..."

राग्नाने पिशवीतली दोरी काढून फेकली. ती अलीकडेच पडली. तिची बोटं वळेनात, दोरी गुंडाळता येईना. सिक्स्टेनने ती तिच्या हातातून ओढून घेतली, बर्फावर पालथा पडून सरकत पुढे गेला आणि त्याने फेकली. मायकेनने दोरी धड हाताच्या मनगटाभोवती गुंडाळली. यिल्वाने सिक्स्टेनचे पाय धरले, राग्नाने यिल्वाचे. तिघांनी मिळून तिला ओढून काढलं. तिचे ओठ निळे पडले होते, आणि ती काहीतरी बोलत होती पण शब्द कळत नव्हते.

मायकेन वाचली. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं आणि फुप्फुसात पाणी गेल्यामुळे पुढे न्यूमोनिया झाला. जिल्ह्याच्या इस्पितळात ती कितीतरी दिवस नळ्या लावून पडली होती. डॉक्टर म्हणाले, हात पहिल्यासारखा वर जाणार नाही, आणि बर्फाचं नाव काढायचं नाही.

*

अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी राग्नाच्या दारावर थाप पडली. बाहेर टोर्केल उभा होता. लोकरीची टोपी हातात चुरगळत होता.

"मायकेन कशी आहे?"

"श्वास घेतेय," राग्ना म्हणाली.

तो उंबऱ्यातच थांबला. "मी पाहिलं होतं ते," तो म्हणाला. "मंगळवारी. टोकापलीकडे. एक गोल काळा डाग होता आणि त्यावर हिम बसत होतं. उद्यापर्यंत झाकून जाणार, हे मला दिसत होतं."

राग्ना म्हणाली, "मग लिहिलं का नाहीस?"

"लिहायला बसलो होतो. पण त्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. फट म्हणावं तर ती लांब असते ना, हे गोल होतं. मग मी शोधलं. वाऱ्याने पाणी उघडं राहतं, त्याला वारविहीर म्हणतात म्हणे. पण हे वाऱ्याने झालं की खालच्या प्रवाहाने, मला काय कळणार? चुकीचं लिहायला नको म्हणून खोडलं. वाटलं, जाणकार कोणी जाईल, तो नीट लिहील."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर राग्नाला बरं वाटलं असतं, तिला भांडता आलं असतं. तो दुखणं कुठून सुरू झालं ते डॉक्टरला सांगावं तसं सांगत होता.

आता बोलायला हवं होतं, हे राग्नाला त्या क्षणी कळत होतं. तोंडात एक वाक्य आलंही. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"कळवायला हवं होतंस, टोर्केल."

त्याने मान हलवली. "हो. हवं होतं." टोपी डोक्यावर चढवून तो गेला. बागेच्या फाटकाची कडी त्याने व्यवस्थित लावली, आणि त्या व्यवस्थितपणाने राग्नाला स्वतःची शिसारी आली.

त्याच संध्याकाळी टोर्केलने ग्रुपवर लिहिलं. मंगळवारी काय पाहिलं, कुठे पाहिलं, आणि आपण ते कळवलं नाही. का, ते लिहिलं नव्हतं. शेवटी फक्त एवढंच: 'मी माफी मागतो.'

मग जे सुरू झालं ते पाहवत नव्हतं. 'पाहून गप्प बसलास? माणूस आहेस की धोंडा?' हे सिक्स्टेनचं. 'डॉक्टर म्हणवतोस!' 'दक्षिणेतून येतात, बर्फाची अक्कल नाही, आणि आमच्या माणसांचा जीव घेतात.' 'ॲडमिन, याला काढ.' 'ॲडमिन, आहेस कुठे?'

ॲडमिन स्वयंपाकघरात बसली होती, मोबाइल समोर ठेवून. एकेक कॉमेंट येत होती, ती वाचत होती. टोर्केलने तिचं नाव घेतलं नव्हतं. तिला ते सोयीचं वाटलं, आणि सोयीचं वाटलं म्हणून समोरचं ताट तिने न जेवताच उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने एक ओळ टाकली: 'कृपया सर्वांनी सभ्यता पाळावी.' बस. आयुष्यात इतकं गुळमुळीत वाक्य तिने कधी लिहिलं नव्हतं.

यिल्वाचा फोन आला. "राग्ना, तो का बोलला नाही, तुला काही सांगितलं का त्याने? तुझ्या घराकडून येताना दिसला होता."

"मायकेनची चौकशी करायला आला होता," राग्ना म्हणाली. हेही खोटं नव्हतं. अगदी मोजून मापून निवडलेले शब्द होते.

*

मायकेनच्या नळ्या निघाल्या आणि तिला बोलता यायला लागलं तेव्हा राग्ना तिला भेटायला गेली. सोबत वेलचीचे गोड पाव नेले होते. मायकेनचा चेहरा अर्धा झाला होता. आवाज घोगरा, पण आतली मायकेन तीच होती.

"सिक्स्टेन सांगत होता सगळं," ती म्हणाली. "तो दातवाला. उदास बर्फवाला तोच ना गं?"

"तोच."

"मी हसले होते त्याच्यावर. पोट दुखेस्तोवर. काय लिहिलं होतंस तू! भरून टाक, तुझाच धंदा आहे." ती हसायला गेली आणि खोकला आला. राग्नाने तिला पाणी पाजलं.

"मायकेन, त्याने पहिल्यांदा लिहिलं होतं ते कुठलं होतं, आठवतंय?"

"कुठलं?"

"बर्चच्या टोकापलीकडचं. तिथलंच."

मायकेनने उशीवरून मान उचलली.

"वरून पांढरा, आतून पोकळ. त्याने काठी मारून पाहिलं होतं. मला कळलं होतं त्याला काय म्हणायचंय. खालून प्रवाह खातोय, वर दुधी पापुद्रा राहिलाय, हे मला वाचताक्षणी कळलं होतं. मी तेवढंच लिहिलं असतं, तर... पण मला हशा हवा होता. पुढे थंडी पडली, मला वाटलं आता घट्ट झालं असेल. आणि दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या भीतीने गप्प बसला. हे त्याने माझ्या दारात येऊन सांगितलं. आणि मी म्हटलं, कळवायला हवं होतंस."

मायकेनने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच पाहत म्हणाली, "राग्ना, आज तू जा."

"मायकेन..."

"ओरडायला ताकद नाहीये माझ्यात. जा तू."

राग्ना उठली. पावांची पिशवी टेबलावर ठेवावी की परत न्यावी, हे तिला कळेना. शेवटी ठेवली.

घरी येऊन ती अंगातला कोटही न काढता लिहायला बसली. 'काही प्रतिक्रियांमुळे गैरसमज निर्माण झाला असल्यास' असं सुरू केलं आणि थांबली. कोणी दुसऱ्याने हे लिहिलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. कुठल्या प्रतिक्रिया? कोणाच्या? गैरसमज कुठे झाला होता? तिने खोडलं. 'माझ्या थट्टेने टोर्केल दुखावला गेला.' तेही खोडलं. थट्टेत दोघेही हसतात. आणि दुखावला जाणं ही त्याची गोष्ट झाली. तिने काय केलं ते त्यात येतच नव्हतं. 'मी त्याला दुरुस्त केलं.' नाही. दुरुस्त केलं असतं तर बर्फाबद्दल काहीतरी लिहिलं असतं. चिडवलं? टोचून बोलले? प्रत्येक शब्द काठीने ठोकून पाहावा तसा ती पाहत होती, आणि त्यातला प्रत्येक तिला थोडंसं वाचवत होता. बाहेर दिवे लागले तेव्हा तिने जे लिहिलं ते असं होतं:

"डिसेंबरात टोर्केलने बर्चच्या टोकापलीकडचा बर्फ आतून पोकळ असल्याचं कळवलं होतं. त्याचे शब्द वेगळे होते, पण अर्थ स्पष्ट होता आणि तो मला कळला होता. तरी मी त्याची टिंगल केली, कारण तुम्ही हसाल हे मला माहीत होतं. त्यामुळे त्याने पोस्ट काढली, आणि एक खरी सूचना ग्रुपवरून गेली. त्या मंगळवारी तो लिहिणार होता. पुन्हा टिंगल होईल म्हणून त्याने लिहिलं नाही. हे मला त्याच्या तोंडून कळलं होतं. तुम्ही त्याला शिव्या देत असताना मी ते लपवलं. लपवलं हाच शब्द बरोबर आहे. राग्ना शोहोल्म."

तिने पोस्ट पाठवली आणि मोबाइल बंद केला नाही. हे बसून वाचणं भाग आहे, असं तिला वाटलं.

आधी एक बाई म्हणाली, 'राग्ना, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, तू आमच्यासाठी किती केलंस.' तसंच आणखी काही जणांनी लिहिलं. ते प्रेमाने लिहीत होते, पण प्रत्येक वाक्यासरशी ती खुर्चीत आणखी आक्रसत गेली. एकाने लिहिलं, 'म्हणजे आता शुद्धलेखनाचा बळी टोर्केल की मायकेन?' त्याला तिने उत्तर दिलं नाही. सिक्स्टेनने आपली 'धोंडा' वाली कॉमेंट काढून टाकली. रडक्या चेहऱ्याचा फोटोही काढला. यिल्वाने फक्त एवढं लिहिलं: 'फोनवर मी विचारलं होतं.' राग्नाने खाली लिहिलं: 'हो. मी तुला खरं सांगितलं नाही.'

आठवड्याच्या शेवटी तिने ॲडमिनपद यिल्वाकडे दिलं. यिल्वाने नियम बदलला नाही. काचबर्फ, दुधी, सुया, तडा, भेग, फट सगळं तसंच ठेवलं, कारण त्या शब्दांवर माणसं पाय ठेवतात. फक्त वर एक ओळ घातली: शब्द माहीत नसेल तर जे दिसलं ते लिहा, आम्ही विचारून घेऊ.

टोर्केलने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. राग्ना त्याच्याकडे गेली तेव्हा तो अंगणात हिम बाजूला सारत होता. त्याने फावडं टेकून ठेवलं.

"वाचलं मी," तो म्हणाला. "लिहिलंस ते खरं होतं."

"मी माफी मागायला आलेय."

"मागितलीस. मिळाली असं समज." तो तळ्याकडे वळला. "पण राग्ना, त्याने माझं काही हलकं होत नाही. माझी टिंगल झाली म्हणून मी गप्प बसलो, हे कारण झालं. भोक तर मला दिसलं होतं ना. तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे."

तिने बाजूला पडलेलं दुसरं फावडं उचललं, तर तो म्हणाला, "नको, मी करतो." तिने ते परत ठेवलं.

वसंतात मायकेन घरी आली. टोर्केल तिला भेटायला गेला, आपण होऊन, आणि उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. मायकेन म्हणाली म्हणे, "आत ये, दात दाखवायचेच होते मला." टोर्केलला माफ करणं मायकेनला सोपं गेलं, राग्नाला माफ करणंच का जड गेलं, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. कदाचित इतक्या वर्षांच्या ओळखीमुळे असेल. टोर्केल दर आठवड्याला जाऊ लागला. ते पत्ते खेळत. राग्ना सायकलवरून तिथून जायची, दाराशी त्याची सायकल दिसायची, आणि आतून मायकेनचं हसणं ऐकू यायचं. ती थांबायची नाही.

ऑगस्टमध्ये, तळ्यात पोरं पोहत होती त्या दिवसांत, मायकेनचा फोन आला.

"येतेस का दुपारी? टोर्केल आलाय. दोघांत कंटाळा येतो."

राग्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण आज त्याबद्दल काही बोलायचं नाही," मायकेन म्हणाली. "एक अक्षर नाही. कळलं?"

"कळलं."

ती गेली. मायकेन डाव्या हाताने पत्ते वाटत होती, उजवा मांडीवर ठेवलेला. टोर्केलने सरकून राग्नाला खुर्चीसाठी जागा करून दिली. तिघे खेळले. राग्ना दोन डाव हरली. मायकेनला वरच्या फळीवरचा डबा हवा होता, तिने सवयीने उजवा हात उचलला, तो खांद्याच्या वर गेला नाही आणि ती अर्ध्यातच थांबली. राग्ना आणि टोर्केल दोघेही एकदमच उठले, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.